खाली नाव नसलेली ओळ

आमच्या घरात पत्रक वाचायची रीत उलटी होती. मजकूर नंतर वाचायचा. आधी बघायची सगळ्यात खालची बारीक ओळ: प्रकाशक कोण, कुठल्या प्रेसमध्ये छापलं. वडील शहापूरच्या एका शाळेत शिपाई होते आणि संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून पत्रकांच्या घड्या घालायचे. माझी अक्षरओळख त्या घड्यांवर झाली. निवडणूक जवळ आली की वस्तीत निनावी कागद यायचे, आमच्याच माणसांबद्दल वाटेल ते लिहिलेले. वडील त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "खाली नाव नाय, त्याला बोलायचा हक नाय," म्हणायचे आणि त्याच कागदात माझी भाकरी गुंडाळून द्यायचे.

मोठी झाले, कॉम्प्युटरचं शिकले, आणि आता मुरबाडला एका शेतकरी कंपनीच्या ऑफिसात प्रोग्रॅम लिहिते. खताच्या दुकानाच्या माडीवरची खोली, दोन टेबलं, आणि एक कूलर जो फक्त आवाज करतो. पण सवय गेली नाही. काहीही समोर आलं की मी आधी खाली बघते. कोणी केलं हे?

गेल्या आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर आत्याचा फोन आला.

"गो बाय, मशीनची माझी पाळी कधी लागतं, बघ ना जरा."

मशीन म्हणजे भाताची आवणी करणारं यंत्र. आमच्या कंपनीकडे एकच आहे. ते खर्डीकडून सुरू होतं, आटगाव, मग सापगाव असं खाली येत येत शेवटी मुरबाडच्या बाजूला पोचतं. त्याला साधं रोप चालत नाही. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चटईसारखं वाढवलेलं लागतं, आणि ते तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की मुळं एकमेकांत अडकतात, मशीनच्या बोटांत तुटतात. आत्याचं रोप सापगावला तिच्या अंगणात तयार होत होतं.

आता आत्याला मशीन कशाला? ती स्वतःच आवणीच्या बायांच्या टोळीची मुकादम. सगळं आयुष्य चिखलात वाकून गेलेलं. पण कारण तेच आहे. आवणीचे मोजके दिवस तिची टोळी लोकांच्या शेतात असते आणि तिचं स्वतःचं छोटं शेत शेवटी राहतं. उशिरा लावलेला भात पोटरीत येऊन कणीस धरेपर्यंत पाऊस निघून जातो. यंदा मशीन येऊन एका दुपारी लावून जाणार या भरवशावर तिने राब भाजून साधं रोप टाकलंच नव्हतं. ट्रेमधलं रोप वाया गेलं तर तिच्याकडे दुसरं रोप नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर मशीनची रांग उघडली. तिच्यात फक्त खातेदार, म्हणजे शेत असलेले सभासद येतात. आत्या रांगेत नव्हती. मग तिची नोंद उघडली. नाव बरोबर, गाव बरोबर. प्रकार: मजूर.

मी खाली बघितलं. आमच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदाच्या पानाखाली बदलांची नोंद दिसते, कोणी काय बदललं ती. ही सोय मीच बसवलेली, नोकरीला लागल्या लागल्या, हट्टाने. आत्याच्या पानाखाली एकच ओळ होती: नोंदणी झाली, प्रकार खातेदार. त्यानंतर काही नाही. म्हणजे खातेदार म्हणून आत आलेली बाई मजूर झाली होती आणि तसं कोणीच केलेलं नव्हतं.

इथे आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या मध्ये एक दुभाष्या असतो, त्याला ओआरएम म्हणतात. आपण आपल्या भाषेत लिहायचं, या सभासदाचा फोन बदल. तो ते डेटाबेसच्या भाषेत सांगतो, आणि सांगताना नोंदही ठेवतो. त्याच्यासाठी आधी साचे करावे लागतात, त्यांना क्लास म्हणायचं. आमच्याकडे सभासद हा एक साचा, आणि त्यातून निघालेले दोन: खातेदार आणि मजूर. नाव, गाव, फोन या गोष्टी दोघांना सभासदाकडून आपोआप मिळतात. याला इनहेरिटन्स म्हणतात. खातेदाराकडे त्याशिवाय शेताचं क्षेत्र असतं, मजुराकडे टोळी. डेटाबेसमध्ये मात्र सगळे एकाच टेबलात राहतात, आणि 'प्रकार' नावाच्या रकान्यात जे लिहिलं असेल त्यावरून दुभाष्या ठरवतो की ही ओळ कोणाची. या रचनेत खातेदार म्हणून जन्मलेला पुढे मजूर होऊ शकत नाही. दुभाष्याला ते मान्यच नाही. तसं करायचं तर एकच वाट, दुभाष्याला बाजूला सारून थेट डेटाबेसशी बोलायचं. ही नेटिव्ह क्वेरी. ती दुभाष्याला कळतच नाही, म्हणून त्याच्या नोंदीतही येत नाही.

खाली नाव नसलेला कागद. माझ्या आत्याच्या दारात टाकलेला.

संशय कोणावर घ्यायचा याला मला वेळ लागला नाही. ऑफिसात प्रोग्रॅम लिहिणारे दोनच, मी आणि दादा. दादा मुरबाडजवळच्या गावचा, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती असलेल्या घरातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. साचे त्यानेच केले होते, मी यायच्या आधी. मला ते साचे पहिल्या दिवसापासून खुपत होते. आमच्या दोन तालुक्यांत नुसता खातेदार असलेला माणूस मला दाखवा. पावसात भात, थंडीत वीटभट्टी नाहीतर गोदाम, मधल्या दिवसांत दुसऱ्याच्या फार्महाऊसचं कुंपण. दादाचा सख्खा भाऊ असाच जगतो. तरीही दादाने पुस्तकातल्या उदाहरणाबरहुकूम माणसांचे दोन ढीग केले. का केले? मला त्यात सरळपणा दिसत नव्हता. आणि आणखी एक. तीन वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला, पण त्याने माझ्या डब्यातलं कधी काही घेतलं नाही. ऍसिडिटी आहे म्हणायचा. मला ती ऍसिडिटी पटली नव्हती.

मी कोड चाळला. 'दुरुस्ती' नावाच्या कोपऱ्यातल्या स्क्रीनमागे ती ओळ सापडली. सभासदाचा नंबर द्या, प्रकार द्या, झालं. नोंद नाही, विचारणं नाही.

"दादा, माझ्या आत्याला मजूर कोणी केलं?"

त्याने चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. "का, मजूर नाय का ती? टोळी कोणाची हाय मग?"

"ती काय आहे ते नाही विचारलं. कोणी केलं ते विचारलं."

"आली पत्रकवाली," तो कूलरला सांगावं तसं म्हणाला. "मोर्चा आता निघतो का जेवल्यावर?"

"तुझी नेटिव्ह क्वेरी सापडली मला."

"सापडली म्हंजे? लपवली कुठं होती? अगो, तू तुझ्या आत्यालाच इचार. मग ये माझ्या अंगावर धावून."

संध्याकाळच्या एसटीने मी सापगावला उतरले. आत्या नुकतीच कामावरून येऊन दगडावर पाय घासत होती. अंगणात ट्रे ओळीने मांडलेले, हिरवेगार, वर जुनी साडी ताणलेली.

"मीच सांगितलं त्याला," ती म्हणाली. "जेठात तो मला मजूर करतो, मग टोळीची कामं माझ्या फोनवर येतात. आवणीच्या टायमाला परत खातेदार. तुमच्या त्या पेटीत एका माणसाला दोन असता येत नाय म्हणे. मी तर दोन हाय. मग फिरवतो बिचारा. यंदा इसरला आसंल."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगून? तू पत्रक काढलं असतंस."

ती पाय पुसून आत गेली, चहा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "तुला पण येतं ना तसलं लिवायला? मग तूच फिरव. रोप बघ, चार दिसांत तयार होतंय."

खरं तर इथे माझा संशय संपायला हवा होता. आत्याने सांगितलं, दादाने केलं, वाईट कोणाचंच झालं नाही. पण मला हलकं वाटेना. जो माणूस आत्याच्या भल्यासाठी खाली नाव न लिहिता एक ओळ बदलतो, तो दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून दुसरी ओळही बदलू शकतो. आणि ती कोणाला दिसणार?

"आणि त्या पाड्यावरच्या बायांचं पण बघून ठेव," आत्या सहज म्हणाली. "खर्डीच्या वरच्या. तिकडच्या कामाला माझ्याबरोबर असतात. रोज डोकं खातात, मशीन आमच्याकडं कधी येतं. ट्रे भरून बसल्यात त्या."

मला रांग आठवली. तिची सुरुवात खर्डी गावठाणापासून होती. पाड्याचं नाव मी कुठेच वाचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दादा समोर बसलेला असताना मी माझी नेटिव्ह क्वेरी लिहिली. काही बदलणारी नाही, फक्त विचारणारी. सगळे एकाच टेबलात राहतात हे मी वर सांगितलं. त्याचा एक परिणाम असा की प्रकार बदलला तरी ओळीतलं बाकीचं तसंच राहतं. खातेदाराचा मजूर केला तरी त्याच्या शेताचं क्षेत्र त्याच ओळीत पडून असतं. दुभाष्या तिकडे बघत नाही इतकंच, कारण मजुराच्या साच्यात शेत नाहीच. मी थेट डेटाबेसला विचारलं: ज्यांचा प्रकार मजूर आहे पण शेत आहे, असे सगळे दाखव.

आत्या आली. तिच्याखाली पाडा आला. घरामागून घर, अख्खा. सगळे उन्हाळ्यात खातेदार म्हणून नोंदलेले, वनहक्काने मिळालेल्या जमिनीच्या पट्ट्यांसकट. सगळ्यांच्या पानाखाली तीच एक ओळ, आणि नंतर शांतता.

मी स्क्रीन दादाकडे वळवली.

"भाऊंनी सांगितलं," तो म्हणाला. भाऊ म्हणजे आमच्या कंपनीचे अध्यक्ष. "उताराची जागा ती. मशीन चढत नाय तिकडं. उगाच रांग लांबतं, मुरबाडला पोचेपर्यंत इथल्या लोकांचं रोप म्हातारं होतंय."

"चढत नाही हे चढवून बघितलं कोणी?"

"नाय."

"मग ट्रे कशाला दिले त्यांना?"

दादाने भिंतीकडे बघितलं. तिथे ट्रेवाटपाचा फोटो लावलेला आहे. मध्ये भाऊ, दोन्ही बाजूंना पाड्यावरच्या बाया, हातात रिकामे ट्रे, चेहऱ्यावर फोटोपुरतं हसू.

"तवा मशीनच्या अनुदानाला खातेदार कमी पडत होते," तो हळू म्हणाला.

"आणि त्यांना कळवलं, की तुम्ही आता खातेदार नाही?"

"त्यांनी इचारलं नाय."

"माझ्या आत्याने विचारलं म्हणून तिचं केलंस."

"मग? माझ्याकडं जो येतो त्याचं करतो मी. तुझी आत्या आली, तिचं केलं. भाऊ आले, त्यांचं केलं. मी काय कोणाची जात बघून बटन दाबतो? तुझ्या डोक्यात तेच असतं, मला म्हाईत हाय."

हो, माझ्या डोक्यात तेच होतं. आणि तो खोटं बोलत नव्हता, हेही मला दिसत होतं. त्याला फक्त माडीचा जिना चढून येणारी माणसं दिसत होती. पाड्यावरून मुरबाडचा हा जिना चढायला कोणी येत नाही. एवढं कारण पुरलं होतं.

"बरं, हे बघ," तो म्हणाला आणि त्याने दुरुस्तीची स्क्रीन उघडून आत्याचा नंबर टाकला. "तिचं आत्ता करून टाकतो. उद्यापासून रांगेत. तिला शेत हाय, हे तर खरं हाय ना? कोणावर अन्याय तर नाय?" त्याचं बोट बटनावर होतं.

"नको."

"नको?"

"असं नको."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बोट उचललं. "पागल हायस," म्हणाला.

मी गणित मांडून बघितलं होतं. पाडा रांगेत आला की मशीन वरच अडकणार. आटगाव उशिरा, सापगाव त्याहून उशिरा. आत्याचं रोप तोवर मशीनच्या कामाचं राहणार नव्हतं. तिला फोन केला आणि सगळं सांगितलं, पाड्याचंही आणि तिच्या पाळीचंही.

तिच्या मागे बायांचा गलका ऐकू येत होता. त्यांच्यात पाड्यावरच्याही असणार.

"मला कशाला इचारतेस?" ती म्हणाली. "मी हो म्हणावं म्हणून? आणि नाय म्हटलं तर करणार नायस का?"

"करणार."

"मग इचारू नको. नुसतं सांग." आणि फोन ठेवला.

मी बदल केला. साचे मोडून नवे करायला पुढे पावसाळा गेला. आता सभासद एकच आहे. ज्याला शेत त्याच्या नावापुढे शेत लागतं, ज्याला टोळी त्याला टोळी, दोन्ही असेल त्याला दोन्ही. पण त्या दिवशी निकडीचं होतं ते एवढंच: ज्याच्या ओळीत शेत आहे तो रांगेत, मग प्रकार काहीही असो. रांगेत घेतलेल्या प्रत्येकाची नोंद दुभाष्याकडूनच केली, म्हणजे प्रत्येक पानाखाली माझं नाव उमटलं. दुरुस्तीची स्क्रीन बंद केली. नवी रांग कंपनीच्या ग्रुपवर टाकली, खाली माझं नाव लिहून.

भाऊंचा फोन लगेच आला. "कोणाला विचारून केलंस हे?"

"आधी कोणाला विचारून केलं होतं, भाऊ?"

"तू पोरगी हुशार आहेस," ते म्हणाले. "पण घरात फार पत्रकं झालीत तुमच्या."

त्यांनी रांग पुन्हा फिरवली नाही. का नाही, याचा मी अजून विचार करते. ग्रुपवर सगळ्यांनी वाचली होती म्हणून, की त्यांना ट्रेवाटपासारखाच आणखी एक फोटो दिसत होता? मशीन पाड्यावर गेलं तेव्हा ते टोपी घालून पुढे होते खरे.

मशीन खालच्या पट्ट्यांवर सुरळीत चाललं. वरच्या दोन शेतांत ते रुतलं, दोरखंड लावून अख्ख्या पाड्याने ओढून काढलं. म्हणजे उताराचं भाऊ अगदीच खोटं बोलले नव्हते. पण वरच्या त्या दोन शेतांसाठी त्यांनी पाड्यातली सगळी घरं रांगेतून काढली होती.

सापगावला मशीन आलं तेव्हा चालवणाऱ्याने आत्याच्या ट्रेमधली चटई उचलली, उलटी करून मुळं बघितली आणि परत खाली ठेवली. "मावशी, हे नाय चालायचं," म्हणाला आणि पुढच्या बांधावर गेला. हे मला शेजारणीने सांगितलं. आत्याने मला काहीच सांगितलं नाही. काही दिवस ती फोनच उचलत नव्हती. ऑफिसात दादाने विचारलं, "काय झालं आत्याचं?" मी सांगितलं. मग मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला. त्याने त्या दिवशीही घेतलं नाही. ऍसिडिटीचं खरं काय, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी न सांगताच सापगावला गेले. आत्या शेतात एकटीच होती. टोळी लोकांच्या कामावर, तिने स्वतःपुरती अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतलेली. चटई फाडून, गुंतलेली मुळं बोटांनी सोडवून, ती एकेक काडी लावत होती. मशीनसाठी वाढवलेलं रोप हाताने लावणं म्हणजे वैताग. रोप बुटकं, दर दोन काड्यांमागे एक मुळाशी तुटते. बांधावर बरेच ट्रे अजून भरलेले होते.

मी सलवार गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उतरले. तिने वर बघितलं, पुन्हा खाली वाकली.

"आत्या, राग आहे अजून?"

"हाय. वाक आधी."

मी वाकले. आम्ही दोघी शेजारी शेजारी मागे सरत लावत गेलो. ती बोलत नव्हती. मला ते एका परीने बरं वाटत होतं, कारण मी जे काही बोलले असते ते भाषण झालं असतं. बऱ्याच वेळाने बांधाला पोचलो तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि लावलेल्या शेताकडे बघू लागली. तिच्या रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. एक रांग मध्येच डावीकडे वळून, थोडी भरकटून, पुन्हा जागेवर आली होती.

"ही कोणी लावली?" तिने विचारलं. शेतात आम्ही दोघीच होतो.

"मी."

"बरं," ती म्हणाली. "मग उपट, आणि परत लाव."